रिकाम्या डिस्कवरचे निर्णय : फॉरमॅट करण्याआधी काय ठरवावं?



संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी न्यायदर्शनावर, नाहीतर फार तर कांटवर बोलेन. आयुष्यभर तेच शिकवलं. मी म्हटलं, मला मोठा डिस्कसंच फॉरमॅट करण्याविषयी बोलायचं आहे. फोनवर थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. म्हणून आधी कारण सांगतो.

निवृत्तीनंतर मी एका लहान ग्रंथालयाच्या कामात गुंतलो. लोक घरातल्या हस्तलिखित पोथ्या आणून देत, आम्ही त्या स्कॅन करत असू आणि त्याच संध्याकाळी परत देत असू. जुन्या व्याख्यानांच्या ध्वनिफितीही आम्ही संगणकावर उतरवत होतो. साठवणीसाठी प्रत्येकी ४ टीबीच्या चार डिस्क घेतल्या. त्या रेड ५ पद्धतीनं जोडल्या म्हणजे वापरायला १२ टीबी मिळतात. फॉरमॅट मी स्वतः केलं. पर्यायांच्या यादीत ‘लार्जफाइल४’ असं एक नाव दिसलं. आमच्या फाइली मोठ्या, तेव्हा हाच पर्याय आपला, असं मी ठरवलं. दोन मिनिटंसुद्धा विचार केला नाही.

पाच-सहा वर्षांनी एके दिवशी यंत्र म्हणायला लागलं, डिस्कवर जागा शिल्लक नाही. बघतो तर डिस्क जेमतेम ४० टक्के भरलेली! आमची एक स्क्रिप्ट रात्री दिवसभराचे स्कॅन मुख्य साठवणीत नकलायची आणि मग स्कॅनरच्या संगणकावरची मूळ प्रत पुसायची. नक्कल खरोखर झाली का, हे ती बघत नव्हती. आमच्या लक्षात आलं ते पाचव्या दिवशी. चार दिवसांचं काम, सुमारे सातशे पानं, कुठेच नव्हती. दुरुस्तीत पंधरा दिवस गेले, मग आम्ही घरोघर जाऊन पोथ्या पुन्हा मागितल्या. बहुतेकांनी दिल्या. एका घरी गृहस्थ म्हणाले, “सर, तुम्ही फोटो काढलेत ना, म्हणून आम्ही निश्चिंत मनानं पोथी नदीत सोडली.” जीर्ण पोथी रद्दीत द्यायची नाही, तिचं विसर्जन करायचं, ही आपल्याकडची रीत. त्यांची काहीच चूक नव्हती.

स्क्रिप्टमध्ये दोष होताच. पण जागा असून जागा नाही, ही परिस्थिती मी निर्माण केली होती, आणि तीही पहिल्या दिवशी, डिस्क पूर्ण रिकामी असताना. आजचं व्याख्यान त्या दोन मिनिटांबद्दल आहे.

तीन मजले

आधी रचना समजून घेऊ. तळमजल्यावर प्रत्यक्ष डिस्क असतात. त्यांच्यावर रेड असतं. ते अनेक डिस्कांना एकत्र बांधून वरच्याला ‘ही एकच मोठी डिस्क आहे’ असं भासवतं. रेड ५ मध्ये एका डिस्कइतकी जागा पॅरिटीला जाते आणि एक डिस्क गेली तरी माहिती टिकते. रेड ६ मध्ये दोन डिस्कइतकी जागा जाते आणि दोन गेल्या तरी निभावतं. तिसऱ्या मजल्यावर फाइलसिस्टिम. फॉरमॅट करणं म्हणजे हा तिसरा मजला बांधणं. कुठे काय ठेवायचं, नोंदी कुठे करायच्या, मोकळी जागा कशी ओळखायची, याची आखणी तेव्हा होते.

उदाहरण म्हणून आमचा दुसरा संच घेऊ. प्रत्येकी १२ टीबीच्या आठ डिस्क, रेड ६. आठातल्या दोन पॅरिटीच्या, उरल्या सहा, म्हणजे ७२ टीबी. संगणकावर मात्र आकडा साधारण ६५.५ दिसतो. दुकानदारानं फसवलं असं समजू नका. विकणारा हजाराच्या पटीत मोजतो, संगणक बऱ्याचदा १०२४ च्या पटीत. चार पायऱ्या चढेपर्यंत हा फरक नऊ-दहा टक्क्यांवर जातो.

संयोग आणि समवाय

आता माझ्या विषयातली एक गोष्ट उधार घेतो. वैशेषिक दर्शनात दोन प्रकारचे संबंध सांगितले आहेत. मेजावर पुस्तक ठेवलं, हा संयोग. पुस्तक उचललं तर मेज मेज राहतं, पुस्तक पुस्तक राहतं. पण तंतू आणि वस्त्र यांचा संबंध निराळा. तंतूंपासून वेगळं काढून वस्त्र बाजूला ठेवता येत नाही. वेगळं करायला गेलात तर वस्त्रच उरत नाही. हा समवाय.

फॉरमॅट करताना पडद्यावर पंधरा-वीस पर्याय येतात आणि ते सगळे सारखेच दिसतात. खरं तर त्यातले काही संयोगासारखे असतात. आज एक ठेवा, उद्या एका आज्ञेनं बदला, फाइलींना धक्का लागत नाही. काही समवायासारखे असतात. ते बदलायचे तर सगळा ऐवज दुसरीकडे हलवायचा, संच पुसायचा, नव्यानं फॉरमॅट करायचा आणि ऐवज परत आणायचा. आमचे पंधरा दिवस यातच गेले. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की कोणत्याही पर्यायापाशी ‘यात चांगलं काय’ हे नंतर विचारा. आधी विचारा, ‘हे नंतर बदलता येईल का?’ येत असेल तर फार डोकं लढवू नका, सगळा विचार उरलेल्या दोन-तीन पर्यायांसाठी राखून ठेवा.

आयनोड : आमची चूक कुठे होती

युनिक्सच्या परंपरेत फाइलचं नाव आणि फाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोल्डरमध्ये फक्त नाव आणि एक क्रमांक असतो. तो क्रमांक एका नोंदीकडे नेतो, तिला आयनोड म्हणतात. फाइल केवढी, कोणाच्या मालकीची, केव्हा बदलली, तिचा मजकूर डिस्कवर कुठे कुठे आहे, हे सगळं आयनोडमध्ये असतं. नाव मात्र तिथे नसतं. म्हणूनच एकाच फाइलला दोन नावं देता येतात. प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतोच, मग ती फाइल १० जीबीची असो की चार ओळींची.

लिनक्सवरच्या ईएक्सटी-४ या फाइलसिस्टिममध्ये एकूण आयनोड किती, हे फॉरमॅटच्या वेळीच ठरतं. ‘इतक्या जागेमागे एक आयनोड’ असं प्रमाण धरलेलं असतं. काहीच सांगितलं नाही तर साधारण आकाराच्या डिस्कवर १६ केबीमागे एक, ४ टीबीच्या वर ३२ केबीमागे एक आणि १६ टीबीच्या वर ६४ केबीमागे एक. मी निवडलेला ‘लार्जफाइल४’ म्हणजे ४ एमबीमागे एक.

आता हिशोब करा. १२ टीबीला ४ एमबीनं भागलं तर सुमारे २८ लाख ६० हजार आयनोड येतात. मला वाटलं होतं, एवढ्या पोथ्या महाराष्ट्रात तरी असतील का! पण मी पोथ्या मोजत होतो, संगणक फाइली मोजत होता. एका पानाची मूळ प्रतिमा मोठी असते, १५-१६ एमबीची. तिच्यासोबत छोटी प्रतिमा, वाचकांसाठीची मध्यम प्रतिमा, मजकुराची फाइल, माहितीची फाइल, असं करत पानामागे दहा फाइली होत गेल्या. यातल्या निम्म्या प्रकारांची पहिल्या दिवशी आम्हाला कल्पनाही नव्हती. २ लाख ८५ हजार पानं झाली आणि आयनोड संपले. जागा ६० टक्के मोकळी, पण नव्या फाइलची नोंद करायला वहीत ओळ नाही.

हे तपासणं अगदी सोपं होतं. मोकळी जागा दाखवणारी ‘डीएफ’ ही आज्ञा सगळ्यांना माहीत असते. तिलाच ‘वजा आय’ जोडलं की ती जागेऐवजी आयनोड दाखवते. पाच वर्षांत मी एकदाही ते केलं नाही.

आणि मी वाचवलं काय? ईएक्सटी-४ चा एक आयनोड सहसा २५६ बाइटचा असतो. न बोलता मिळणारं ३२ केबीचं प्रमाण राहू दिलं असतं तर ३६ कोटींहून अधिक आयनोड मिळाले असते आणि त्यांना ९४ जीबी लागले असते. १२ टीबीमध्ये ९४ जीबी म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. ही बचत करण्यासाठी मी जाणकारासारखा पर्याय बदलला.

तेव्हा प्रमाण बदलायचंच असेल तर आधी हातातला नमुना मोजा. आज फाइली किती आहेत, एकूण जागा किती व्यापली आहे, भागाकार करा, सरासरी आकार कळेल. आयनोडचं प्रमाण त्या सरासरीच्या निम्म्याहूनही बरंच कमी ठेवा, कारण काम वाढतं तशा लहान फाइलीच जास्त वाढतात. मोजायला काही नसेल तर मूळ प्रमाणाला हात लावू नका.

ब्लॉक केवढा असावा

दुसरा समवायातला निर्णय ब्लॉकचा. फाइलसिस्टिम जागा सुटी देत नाही, ठरावीक मापाच्या ब्लॉकमध्ये देते. एका बाइटच्या फाइललाही सहसा पूर्ण ब्लॉक जातो. माप लहान ठेवलं तर वाया कमी जातं, पण हिशोब वाढतो आणि वेग कमी होतो. मोठं ठेवलं तर उलट.

हा पेच जुना आहे. १९८४ मध्ये बर्कली इथल्या मॅक्‌क्युसिक, जॉय, लेफ्लर आणि फॅब्री यांनी युनिक्ससाठीच्या नव्या वेगवान फाइलसिस्टिमवर निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी आपल्या यंत्रांवरच्या खऱ्या फाइली घेऊन हिशोब मांडला. ५१२ बाइटचा ब्लॉक धरला तर ६.९ टक्के जागा वाया जात होती, ४०९६ बाइटचा धरला तर ४५.६ टक्के! त्यावर त्यांनी तोड काढली. ब्लॉक मोठाच ठेवला, पण फाइलच्या शेपटासाठी ब्लॉकचे लहान तुकडे करायची सोय केली.

आज ४०९६ बाइट, म्हणजे ४ केबी, हेच सर्वत्र रूढ माप आहे. तेव्हाच्या फाइली लहान होत्या, आपल्या मोठ्या आहेत, म्हणून टक्केवारीनं नासाडी नगण्य झाली. लिनक्समध्ये बराच काळ असा नियम होता की ब्लॉक मेमरीच्या पानापेक्षा मोठा नसावा, आणि आपल्या नेहमीच्या संगणकांत ते पान ४ केबीचंच असतं. हा नियम अलीकडे सैल होऊ लागला आहे. तरी माझा सल्ला ४ केबीच. हा संच उद्या दुसऱ्या कोणत्या यंत्राला जोडून वाचावा लागेल हे आपल्याला माहीत नसतं, आणि रूढ मापाची डिस्क वाचणारं यंत्र नक्की मिळतं.

पट्ट्याचं गणित

तिसरा मुद्दा फक्त संचाला लागू आहे. रेड मजकुराचे तुकडे करून एकेक तुकडा एकेका डिस्कवर ठेवतं. लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये तुकडा सहसा ५१२ केबीचा. आमच्या सहा डिस्क मजकुराच्या, म्हणजे पूर्ण पट्टा ३ एमबीचा. पूर्ण पट्टा एकदम लिहिला तर पॅरिटी काढून सरळ लिहून टाकता येते. पट्ट्याचा थोडाच भाग बदलायचा असेल तर आधीचं काहीतरी वाचायचं, पॅरिटी पुन्हा काढायची आणि मग लिहायचं. रेड ५ आणि ६ मध्ये लहानसहान लेखन मंद होतं ते यामुळे.

फाइलसिस्टिमला पट्ट्याचं माप माहीत असेल तर ती आपली मांडणी त्याला जुळवून घेते. ईएक्सटी-४ ला दोन आकडे लागतात. एका तुकड्यात ४ केबीचे ब्लॉक किती, तर १२८. पूर्ण पट्ट्यात किती, तर १२८ गुणिले ६, म्हणजे ७६८. इथे आठनं गुणणं ही नेहमीची चूक. पॅरिटीच्या डिस्क मोजायच्या नाहीत. एक्सएफएसला तुकड्याचं माप आणि मजकुराच्या डिस्कांची संख्या सांगायची, ५१२ केबी आणि ६.

सॉफ्टवेअर रेड असेल तर फॉरमॅटची आज्ञा हे आकडे सहसा स्वतःच वाचते. रेडचं वेगळं कार्ड असेल तर ते ही माहिती पुष्कळदा वर पोचू देत नाही, तेव्हा हातानं द्या. हा निर्णय संयोग आणि समवाय यांच्या मधला आहे. आकडे नंतर बदलता येतात, पण आधी मांडलेल्या गोष्टी जागच्या हलत नाहीत.

ज्याची काळजी नको

ईएक्सटी-४ पाच टक्के जागा व्यवस्थापकासाठी राखून ठेवते. डिस्क गच्च भरली तरी यंत्र चालू राहावं आणि फाइलींचे फार तुकडे पडू नयेत, हा हेतू. लहान डिस्कवर हे ठीक. ७२ टीबीवर पाच टक्के म्हणजे ३.६ टीबी! संच फक्त साठवणीचा असेल, त्यावर यंत्रणा चालत नसेल, तर एक टक्का पुरे. पण याचा ताण घेऊ नका, कारण हा शुद्ध संयोग आहे. फाइली आत असताना एका आज्ञेनं, क्षणात बदलतो.

आणखी एक. एवढा मोठा संच फॉरमॅट करायला काही मिनिटंच लागली आणि मग जोडल्यावर डिस्क बराच वेळ आपोआप काम करत राहिल्या, तर घाबरू नका. ईएक्सटी-४ आयनोडचे तक्ते कोरे करण्याचं काम मागे ठेवते आणि नंतर सवडीनं उरकते.

ईएक्सटी-४ की एक्सएफएस?

एक्सएफएस सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीनं १९९० च्या दशकात मोठ्या साठवणींसाठी तयार केली आणि पुढे ती लिनक्सवर आली. तिच्यात आयनोड आधी मोजून ठेवत नाहीत, लागतील तसे बनवतात. फक्त कमाल मर्यादा असते. ५० टीबीच्या वरच्या संचावर एक टक्का. आमच्या ७२ टीबीवर तो ७२० जीबी होतो आणि ५१२ बाइटचा एक आयनोड धरला तर सुमारे १४० कोटी आयनोड मावतात. ती मर्यादाही नंतर वाढवता येते. म्हणजे ज्या निर्णयानं आमचा घात केला, तो इथे समवायातून उठून संयोगात आला.

मात्र हे फुकट मिळत नाही. एक्सएफएस वाढवता येते, लहान करणं जवळजवळ अशक्य. ईएक्सटी-४ डिस्क सोडवून लहान करता येते. प्रत्येक रचनेत काही ना काही पक्कं होतंच. तुम्हाला काय हलवायची गरज पडेल ते बघून निवड करा. फाइली किती होतील हे आम्हाला सांगता येत नव्हतं, आणि संच लहान करायची वेळ येणार नाही हे सांगता येत होतं. म्हणून आम्ही एक्सएफएस घेतली.

फॉरमॅट ज्याची हमी देत नाही

दोन्ही फाइलसिस्टिम आता स्वतःच्या नोंदींचा चेकसम ठेवतात. तुमच्या मजकुराचा ठेवत नाहीत. पानाच्या प्रतिमेतला एखादा बाइट गुपचूप बदलला तर त्यांना कळणार नाही, आणि नेहमीच्या वाचनात रेड पॅरिटी पडताळत नाही. झेडएफएस आणि बीटीआरएफएस मजकुराचाही चेकसम ठेवतात. आम्ही प्रत्येक फाइलचा चेकसम काढून यादी वेगळी ठेवतो आणि नक्कल झाल्यावर ती पडताळल्याशिवाय मूळ प्रत पुसत नाही. दुसरी पूर्ण प्रत दुसऱ्या इमारतीत असते. रेड डिस्क बिघडण्यापासून वाचवतं, चुकीच्या आज्ञेपासून नाही.

शेवटचं म्हणजे, फॉरमॅटची आज्ञा जशीच्या तशी वहीत लिहून ठेवा आणि प्रत्येक पर्यायापुढे कारण एका वाक्यात लिहा. मी तसं केलं असतं तर ‘लार्जफाइल४’ पुढे मला लिहावं लागलं असतं, “कारण नाव ओळखीचं वाटलं.” ते लिहिताना बहुधा हात थांबला असता.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न : आयनोड संपल्यावर आणखी डिस्क जोडली असती तर?*

उपाय झाला असता. ईएक्सटी-४ वाढवली की आयनोडही वाढतात, पण त्याच जुन्या प्रमाणात. ४ टीबीची पाचवी डिस्क म्हणजे साडेनऊ लाख आयनोड. आमच्या पेटीत पाचवीला जागा नव्हती. असती तरी आजचं मरण उद्यावर गेलं असतं.

*प्रश्न : झेडएफएस घेतली तर हे प्रश्न उरत नाहीत का?*

आयनोडचा प्रश्न उरत नाही. पण तिथेही पक्का निर्णय आहेच. डिस्कच्या सेक्टरचं माप संच बांधताना ठरतं, त्या पर्यायाचं नाव ‘अ‍ॅशिफ्ट’. आजच्या डिस्कांना १२, म्हणजे ४ केबी, ठेवतात. ते चुकलं तर त्या गटापुरतं कायमचं चुकलं. रेकॉर्डचं माप मात्र केव्हाही बदलता येतं, फक्त ते नव्या लेखनाला लागू होतं.

*प्रश्न : त्या पोथीत काय होतं?*

आमच्या नोंदवहीत पानांची संख्या आहे, पहिल्या पानावरचं नाव आहे आणि घरमालकांचा पत्ता आहे. आत काय होतं हे आम्ही नंतर वाचणार होतो.